शांत पाण्याजवळचा लाल बावटा

"टाका दुहेरी घाल गं, वारा काही चार दिवसांचा पाहुणा नाही!"

मी शिवला जात असताना शिंपीणबाईंच्या सासूचा हा आवाज ऐकला. सून हसून म्हणाली, "घालते आई, तुम्ही आधी चष्मा तर घाला!"

मित्रांनो, मी एक जुना लाल बावटा आहे. एका लहानशा बेटाच्या किनाऱ्यावर उभा असतो. ऊन माझा रंग पितं, खारा वारा माझी कड कुरतडतो.

माझी जागा रोज बदलते. किनारा सांभाळणाऱ्या ताई सकाळी खडकावरून एक सुका नारळ पाण्यात टाकतात. जिथून तो मुकाट्याने समुद्रात आत ओढला जातो, तिथे त्या मला रोवतात, कारण तिथलं पाणी माणसालाही तसंच ओढून नेतं. गंमत अशी, की तिथे लाटा फुटत नाहीत. पाणी कसं निजलेल्या बाळासारखं दिसतं.

नवा होतो तेव्हा पाहुणे मला बघून थबकत. पुढे रंग विटला, आणि लोक माझ्या काठीला चपला अडकवू लागले.

एकदा एक बाबा आले, सोबत बायको आणि लहानगी लेक.

"बघ, बावटासुद्धा चुकीच्या जागी! लाटा तिकडे आणि हा इकडे," असं म्हणत त्यांनी ओला टॉवेल माझ्यावर वाळत घातला.

"अहो, कुणाला विचारा तरी."

"विचारायचं काय? कॉलेजात पोहण्यात पहिला यायचो मी!"

मी टॉवेलखाली गुदमरलो. फडफडणार तरी कसा? लेक बाबांचं बोट धरून पाण्यात गेली, आणि पाण्याने दोघांच्या पायांखालची वाळू काढून घेतली. बाबांनी लेकीला वर उचलून धरलं, पण स्वतः गटांगळ्या खाऊ लागले.

शिट्टी वाजली. ताई फळी घेऊन झेपावल्या. "सरळ किनाऱ्याकडे झटू नका! फळी धरा, आडवे चला!" लाटा फुटत होत्या त्या बाजूला त्यांनी दोघांना नेलं, आणि त्याच लाटांनी सगळ्यांना अलगद वाळूवर आणून ठेवलं.

ताईंनी टॉवेलची घडी घालून परत दिली. "बावट्याला जरा ऊन लागू द्या हं, साहेब," एवढंच म्हणाल्या.

मित्रांनो, सुट्टीत खूप हुंदडा. पण अनोळखी पाण्यात पाय घालण्याआधी तिथल्या माणसांना विचारा. मी विटलेला दिसलो तरी मला झाकू नका.

दुसऱ्या दिवशी खडकांआडच्या गुडघाभर पाण्यात ताई मुलांना तरंगायला शिकवत होत्या. लेक काठावरच बिचकून उभी.

"बाबा, आधी तुम्ही दाखवा ना."

बाबा पायाने वाळूत रेघोट्या ओढत राहिले.

"जा की, पहिला नंबर!" बायकोने चिमटा काढला.

मग ते कपड्यांनिशीच पाण्यात उतरले आणि लेकीसमोर बसले.

"बाळा, मला पोहता येत नाही," ते म्हणाले. "कधीच येत नव्हतं."