पाठीवर बहीण वागवणारी दमडी

मित्रांनो, घरातल्या वडीलधाऱ्या बाईला कुणी मोरीवर नेऊन तिचं तोंड राखेनं खसाखसा घासलं, तर त्या माणसाला तुम्ही काय म्हणाल? आमच्या जावईबापूंनी माझ्याशी हेच केलं. आधी राख, मग व्हिनेगर, मग दात घासायचा झिजका ब्रश. वर तोंडानं शीळ. कुणाच्या वाटेला न जाता मी आपली डबीत पडून होते. भर दुपारी मला उचललं, आणि माझ्या नाकाकपाळावर साठ वर्षांत चढलेला तपकिरी रंग घटकाभरात सोलून काढला.

मी तांब्याची दमडी आहे, जुनी आणि सगळ्यांत हलक्या किमतीची. पण माझ्यासारखी दुसरी तुम्हाला सहजी मिळायची नाही. का, ते सांगते.

टांकसाळीत नाणं जन्मतं ते दोन ठशांच्या मधे. आमच्या खालच्या ठशावर एका बाईचा मुखडा होता, मागे अंबाडा बांधलेला. वरच्या ठशावर किमतीचा आकडा आणि अक्षरं. मधे तांब्याची कोरी चकती यायची, वरून ठोका पडायचा, आणि नाणं टणकन खालच्या टोपलीत. दिवसभर तेच चाललेलं. त्या सकाळी माझ्या आधीची चकती ठोका खाऊन खाली पडलीच नाही. वरच्या ठशालाच चिकटून राहिली. ती माझी थोरली बहीण. तिच्याखाली मी जाऊन बसले, आणि ठोका पडला.

एवढंच मला आठवतं, आणि तेही स्वप्नात आठवावं तसं. ऊब, अंधार, आणि पाठीवर कुणीतरी टेकवलेला गाल. पुढून मला बाईचा मुखडा मिळाला, इतर सगळ्यांसारखा. पाठीवर मात्र आकडा उमटलाच नाही. तिथं बहिणीचं तोंड रुतलं, आत खोल, उलटं. मग ती कुठं गेली, कुठल्या पोत्यात पडली, कुणाला ठाऊक. मी तिला पाहिलेलं नाही. पाठीवरचं माणूस पाहणार कसं?

बाहेरच्या जगात माझे हाल कुत्रं खाईना. आकडा नाही म्हणून पाववाला घेईना, न्हावी घेईना, दूधवाला तर मला दातांनी चावून बघायचा. अंगावर एक अक्षर नाही म्हणजे मी अडाणी, आणि अडाणी म्हणजे खोटी, असा सगळ्यांचा हिशेब. शेवटी त्या न्हाव्यानंच संध्याकाळच्या अंधुक उजेडात मला एका तरुण साबणवालीच्या सुट्ट्या पैशांत सरकवलं.

तिलाही वाचता यायचं नाही. घरी येऊन तिनं अंगठ्यानं मला चाचपलं, पाठीचा खळगा लागला, आणि न्हाव्याच्या सात पिढ्यांचा तिनं असा उद्धार केला की मलाच भरून आलं. रागारागानं तिनं मला समोरच्या साबणाच्या ओल्या वडीत दाबलं. पाठीकडून. उचलून बघते तो वडीवर एक मुखडा वर आलेला, नाकीडोळी नीटस, अंबाड्यासकट.

तिनं वडी दिव्याजवळ नेऊन निरखली. मग दुसऱ्या वडीवर दाबलं, मग तिसऱ्या.

तेव्हापासून मी कामाला लागले. चरबी आणि खार कढईत शिजायचा, लाकडी ट्रेमध्ये ओतला जायचा, घट्ट होऊ लागला की तारेनं वड्या कापायच्या, आणि मग माझी पाळी. बाजारात लोक ‘मुखड्याचा साबण’ म्हणून मागू लागले. अंघोळीला नवी वडी घेतली की आधी मुखड्याचं नाक कुणी झिजवायचं, यावरून म्हणे भावंडांची भांडणं व्हायची. साबणवालीनं त्या वड्यांवर लेक वाढवली, लेकीचं लग्न केलं. मी मात्र सदा पाठीवर उताणी. डोळ्यांसमोर साबणवालीचा अंगठा, आणि पाठीखाली ऊबदार, ओलसर, त्या पहिल्या सकाळसारखं काहीतरी. प्रत्येक वडीवर बहीण जागी व्हायची, आणि मला उचलून पुढच्या वडीवर ठेवलं जायचं. जगानं तिला पाहिलं, मी सोडून.

पुढं कागदात गुंडाळलेले कारखान्याचे साबण आले. आता महिन्याला एखादाच ट्रे होतो, जुन्या चार गिऱ्हाइकांपुरता. उरलेले दिवस मी डबीत पडते आणि टोपलीचा टणत्कार ऐकत डुलक्या घेते.

अशात आले जावईबापू. माणूस तसा भला आहे, खोटं कशाला बोलू. नदीवरच्या होडीच्या धक्क्यावर तिकिटं फाडतो. हातातून रोज शेकडो नाणी जातात, त्यांतूनच तीन महिन्यांपूर्वी हा छंद डोक्यात शिरला. एक भिंग आणलं, एक वजनाचा छोटा काटा आणला, रद्दीवाल्याकडून एक पुस्तक आणलं. झालं, अर्ध्या हळकुंडानं पिवळे झाले. टांकसाळीत चुकलेल्या नाण्यांना मोठा भाव येतो हे त्यांना कळलं, आणि दिसेल तिथं चूक दिसू लागली. गाडीखाली चेपलेलं नाणं आणलं, म्हणे टांकसाळीची चूक. विस्तवात काळं पडलेलं आणलं, म्हणे दुर्मीळ धातू. अहो, जन्मतानाची खोड वेगळी आणि पुढं आयुष्यात खाल्लेला मार वेगळा. एवढं न कळणाऱ्यानं भिंग घेऊन काय करायचं?

आणि गंमत बघा. जी खरोखर चुकून जन्मली, ती मी त्यांच्या घरातच होते, आणि मलाच त्यांनी नकली ठरवलं. त्यांच्या पुस्तकात लिहिलं होतं की लबाड लोक दोन नाणी एकावर एक ठेवून लोहाराच्या शिकंज्यात आवळतात आणि असा खळगा पाडतात. तेवढं पान वाचून त्यांनी पुस्तक मिटलं. पुढचं पान उलटलं असतं, तर तसं नाणं ओळखायचं कसं तेही कळलं असतं. पण नाही. नकलीच आहे तर निदान चकचकीत तरी करू, असं ठरवून त्यांनी मला मोरीवर नेलं.

पुढची बाजू घासून झाली. त्यांनी मला उलटं केलं. ब्रशचे केस पाठीला टेकले, आणि मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला भीती वाटली. माझं तोंड गेलं तर गेलं. पण पाठीवरचं माझं नव्हतं.

तेवढ्यात साबणवाली झोपेतून उठून आली.  तिनं नुसता हात पुढं केला. जावईबापूंनी मला तिच्या तळव्यावर ठेवलं आणि समजावू लागले.

“सासूबाई, ही नकली आहे. शिकंज्यात दाबलेली. घासली काय आणि न घासली काय, सारखंच.”

“बरं,” ती म्हणाली. “मग अस्सल कशी असते ते दाखवा.”

जावईबापूंकडं अस्सल एकही नव्हती.  लेक दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती आईला म्हणाली की चौकातल्या जुन्या नाणेवाल्याला विचारून टाकू, म्हणजे घरात धुसफूस नको. दुसऱ्या दिवशी साबणवालीनं कपाटातून मुखडा उमटलेली साबणाची नवी वडी घेतली, रुमालात बांधली, आणि तिघं निघाली.

नाणेवाला म्हातारा, कमी बोलणारा. त्यानं आधी हात पुसले आणि मला कडेनं धरलं, फक्त कडेनं, दोन बोटांत. मला तिथंच तो आवडला. त्यानं मला काट्यावर ठेवलं. वजन बरोबर. कडेवरून नख फिरवलं. शिकंज्यात आवळलेल्या नाण्याची कड फुगते, माझी सरळ होती. मग त्यानं भिंगाखाली माझी पाठ तिरपी धरून फार वेळ पाहिली. तो आकडा शोधत होता. आधी छापलेला आकडा कितीही दाबला तरी पुरता मरत नाही, चपटा होऊन भुतासारखा मागं राहतो. माझ्या पाठीवर भूतबीत काही नव्हतं. होतं ते एकच तोंड, काठापासून काठापर्यंत.

साबणवालीनं रुमाल सोडला आणि वडी टेबलावर उभी केली. तो खळगा सुलट कसा दिसतो ते बघा, म्हणाली. नाणेवाल्यानं मला वडीच्या शेजारी, वडीकडं तोंड करून धरलं.

मित्रांनो, तेव्हा मी तिला पाहिलं.

माझंच नाक, माझंच कपाळ, माझाच अंबाडा. पण केसांतली रेघ न् रेघ शाबूत, ओठ आत्ता उघडतील असे. मी साठ वर्षं जगाच्या बोटांत झिजले आणि काल राखेनं सोलले गेले. ती अजून त्या पहिल्या सकाळचीच होती. मी पाठीवर वागवत होते ती माझी थोरली, आणि आता ती माझ्याहून कितीतरी लहान दिसत होती. खोलीत कोण काय बोलत होतं ते मला लांबून, पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येत होतं.

नाणेवाला म्हणत होता की ही अस्सल आहे, आणि चिकटलेल्या नाण्याच्या पहिल्याच ठोक्याची आहे. पुढच्या ठोक्यांना असलं तोंड पसरत जातं, हे पसरलेलं नाही. एरवी तिला तिकीटवाल्याच्या दोन वर्षांच्या पगाराइतकं मोल आलं असतं. आता तिसरा हिस्सा येईल. काल घासलं नसतं तर, एवढंच तो म्हणाला आणि ब्रशच्या ओरखड्यांवरून भिंग उचललं.

जावईबापूंचा चेहरा पडला. तुम्ही उद्या नाणी जमवू लागाल तर तो चेहरा आठवा, मित्रांनो. नाण्याचा जुना रंग म्हणजे मळ नव्हे. एकदा गेला की राजाच्या खजिन्यानंही परत येत नाही. पण जावईबापू शिकले का? छे. जरा सावरले, आणि सासूबाईंच्या कानाशी लागले. तिसरा हिस्सा तर तिसरा हिस्सा, आत्ताच विकून टाकू, उद्या भाव उतरला तर काय घ्या. नाणेवाल्याचा हात गल्ल्याकडं गेलाही होता.

साबणवालीनं मला उचललं. नाणेवाल्यानं उचललं होतं तसंच, दोन बोटांत, कडेनं. अडाणी बाई, पण एकदा पाहून शिकली. लेकीकडं तिनं एकदा बघितलं, मग जावयाकडं, आणि साऱ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“जावईबापू, ही विकायची नाही. माझे हात चालतात तोवर ही माझ्या साबणावर उमटेल, आणि माझ्यामागं माझ्या लेकीची होईल. तुमची नव्हे. तुम्हाला बघावीशी वाटली तर तिला विचारायचं, हात पुसून, आणि ती देईल तेवढा वेळ बघायचं. घासायची हौस अजून फिटली नसेल, तर मोरीत सकाळपासून दोन पातेली पडलीत. घरी गेल्या गेल्या ती घ्या.”