अकरा ते पाच

बाबांनी आयुष्यभर मनगटी घड्याळं दुरुस्त केली. गल्लीत त्यांना अजूनही सगळे घड्याळवाले म्हणतात. बाबा म्हणणारी फक्त सून, आणि महिन्यातले तीन आठवडे फिरतीवर असणारा मुलगा. डोळे थकले, दुकान बंद झालं, तेव्हापासून बाबा दिवसभर टीव्हीवर नेटवरून बुद्धिबळाचे सामने बघत. त्यांचा एक जुना मित्र, निवृत्त वकील, दुसऱ्या गावात तोच सामना लावून बसे. मध्ये फोन सतत चालू. दोघांची ती दुपार म्हणजे चैन होती.

पण गेले पाच आठवडे त्या चैनीत माती कालवली गेली होती. चित्र अडायचं आणि मधोमध एक चाक गरगर फिरत राहायचं.

"आयुष्यभर चाकंच फिरवली मी," बाबा म्हणत, "पण वेळ न दाखवता नुसतं फिरणारं हे पहिलंच!"

तिकडे वकिलांचं चित्र झकास. ते फोनवर ओरडत, "वजीर दिला रे त्याने! वजीर!"

"अरे सांगू नकोस ना! माझ्याकडे अजून प्यादंच उचललंय!"

असं चार-पाचदा झाल्यावर वकिलांनाही कंटाळा आला. तुझं नीट झालं की कर फोन, म्हणाले.

मग बाबांनी बंद पडलेल्या घड्याळाला हात घालावा तसा या दुखण्याला हात घातला. राउटर बंद करून, तीस आकडे मोजून पुन्हा लावून पाहिला. त्याच्या दांड्या आडव्या केल्या, उभ्या केल्या. मायक्रोवेव्ह त्याच्यापासून लांब सरकवला, धूळ पुसली, टीव्हीची जागा बदलली. कंपनीचा माणूस बोलावला तर तो नेमका रविवारी उगवला, मोबाइलवर आकडा दाखवत "स्पीड एकदम मस्त आहे काका" म्हणाला आणि हात झटकून गेला. रोज बाबा सुनेला विचारत, "तुझं तरी चालतंय ना गं नीट?"

"हो बाबा, माझं चालतंय."

चालणारच. बाबांचं अडवूनच तर तिने स्वतःचं चालवलं होतं.

ती विमा कंपनीचं काम घरून करायची. गाडी ठोकलेली माणसं मोबाइलचा कॅमेरा चेपलेल्या दारावरून, फुटलेल्या दिव्यावरून फिरवत, आणि ही बघून ठरवायची की दावा खरा की बनाव. पाच आठवड्यांपूर्वी तिच्या कॉलवर आठवडाभराच्या तपासणीसाठी साहेब येऊन बसला, आणि पहिल्याच दिवशी त्याच्यासमोर तीनदा चित्र गोठलं. "घरचं नेट धड नसेल तर ऑफिसला येत चला," तो म्हणाला. ऑफिस दीड तासावर. त्याच दुपारी तिने राउटरचं ॲप उघडलं, यादीत टीव्हीचं नाव शोधलं आणि त्याला मर्यादा लावून टाकली. सोमवार ते शनिवार, अकरा ते पाच, टीव्हीला नेटची नुसती बारीक धार. फक्त एवढा आठवडा, असं तिने मनाला बजावलं होतं.

आठवडा संपला, साहेब गेला, मर्यादा राहिली. विसरले, असं म्हणायला तिला आवडलं असतं. पण ती विसरली नव्हती. रोज सकाळी आठवायचं आणि रोज ती उद्यावर ढकलायची, कारण चित्र एकदाही अडत नव्हतं आणि दिवस कसा सरळ जात होता. दुसऱ्याचं सुख उचलून घेतलं की ते किती पटकन आपलंच वाटायला लागतं!

एका संध्याकाळी बाबांनी जेवताना तिच्यापुढे वही सरकवली.

"हे बघ. तीन आठवडे नोंद ठेवलीये."

बारीक, नेटकं अक्षर. सोमवार, अकरा वाजून एक मिनिट, चाक सुरू. पाच वाजता बंद. मंगळवार, अकराला सुरू, पाच वाजून एक मिनिटाला बंद. आणि प्रत्येक रविवारपुढे एकच शब्द, निर्दोष. तिच्या तोंडातला घास तोंडातच राहिला.

"सापडली चोरी," बाबा म्हणाले.

तिला वाटलं, आता जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"वरची सिस्टर!" बाबा म्हणाले. "राहायला आली तेव्हा तिचं नेट यायचं होतं, म्हणून मीच पासवर्ड दिला होता. हॉस्पिटलात रात्रपाळी करते, दिवसभर घरी. रविवारी बहिणीकडे जाते. बसतंय की नाही सगळं? काट्यावर काटा!"

तेव्हाच बोलायला हवं होतं. शब्द ओठांपर्यंत आलेही. पण ती म्हणाली, "असेल काहीतरी. जाऊ द्या ना बाबा."

बाबांनी जाऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ते वर गेले. जिन्यातून त्यांचा आवाज खाली आला, "विश्वासाने पासवर्ड दिला होता मी, सिस्टर. असं चोरून वापरायचं?" मग दार लागल्याचा आवाज. ती कानाला हेडफोन लावून कोणाच्या तरी चेपलेल्या बंपरकडे बघत बसली होती, आणि त्या बंपरचं तिला काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

दर गुरुवारी खाली येऊन बाबांचं ब्लडप्रेशर बघणारी सिस्टर त्या गुरुवारी आली नाही. शुक्रवारी सकाळी जिन्यात गाठ पडली. "माझं वेगळं नेट आहे हो," सिस्टर म्हणाली. "त्यांना बिल काढून दाखवलं मी. बघितलंसुद्धा नाही. चोर म्हणाले मला. तुम्ही तरी सांगा त्यांना."

"सांगते," ती म्हणाली, आणि मान वर न करताच घरात आली. दार लावून, तिथेच चपला पायात असताना तिने मर्यादा काढून टाकली. दोनदा बोट टेकवलं की झालं. इतकं सोपं होतं ते.

त्याच सकाळी बाबांनी राउटर लोखंडी कपाटाच्या मागून काढून चपलांच्या रॅकवर ठेवला होता. अकरा वाजून गेले आणि चाक आलं नाही. सव्वाअकरा झाले तरी नाही. बाबा टाळी वाजवून उठले. "कपाट! अगं, लोखंडाचं कपाट आड येत होतं!" त्यांनी वकिलांना फोन लावून ही खबर दिली, दोघं लहान मुलांसारखे हसले. ती लॅपटॉपमागे मूग गिळून बसली होती. संपलं एकदाचं, असं तिला वाटलं.

पण फोन ठेवल्यावर बाबांचा चेहरा उतरला.

"म्हणजे सिस्टरला मी उगाच बोललो," ते म्हणाले. "चोर म्हटलं गं मी तिला."

ते आत गेले आणि इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. "तू पण चल. एकट्याने जायला पाय उचलत नाहीये."

सिस्टरने दार उघडलं. झोपेतून उठलेली, केस विस्कटलेले. बाबांनी हात जोडले. ज्या माणसाने गिऱ्हाइकापुढे कधी मान वाकवली नाही, त्याने ती आता खाली घातली.

"चूक माझी. कपाट आड येत होतं, आणि आळ मी तुमच्यावर घेतला. मला माफ करा."

ते जोडलेले हात तिला बघवेनात. "बाबा, कपाट नव्हतं," ती म्हणाली. "मी होते. माझ्या कामासाठी तुमच्या टीव्हीचं नेट मीच कमी केलं होतं. अकरा ते पाच. तुम्ही वही दाखवलीत तेव्हाही मला माहीत होतं."

बाबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. मग ते सिस्टरकडे बघून हसले.

"हो की! मीच म्हटलं होतं तिला, तुझं काम आधी. मीच विसरलो बघा. वय झालं आता."

सिस्टरने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे. ती काही खुळी नव्हती. "बरं," म्हणाली. "राहू द्या काका. येते मी गुरुवारी."

सासऱ्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर ती सुटली असती. लोकांसमोर त्यांनी तिची लाज राखली, म्हणून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जिना उतरताना बाबा मध्येच थांबले. कठडा धरून, पुढे बघतच म्हणाले, "मागितलं असतंस तर दिलं असतं गं."

घरात आल्यावर बाबांनी रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.

"असू द्या ना बाबा, आता नाही अडणार," ती म्हणाली.

"तुझे कॉल असतील. मी पाचनंतर बघेन."

पाचच्या आत सामने संपलेले असतात, हे त्या घरात दोघांनाही ठाऊक होतं.