बिनमातीची भाजी

सुचित्राने पाण्याच्या टबाच्या झाकणातल्या भोकातून एक रोप जाळीच्या कपासकट वर ओढलं. मुळं तपकिरी पडली होती. बोटांना बुळबुळीत लागली. पाण्याला नासलेल्या दुधाचा वास येत होता.

तिचे सासरे, गणपतराव, मागे येऊन उभे राहिले.

"रुजाक नाय?"

"रुजलं होतं, बाबा. आता कुजतंय."

लालबागची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला, आणि तेविसाव्या मजल्यावर आल्यापासून गणपतरावांचं डोकं भरकटू लागलं. ते न सांगता खाली जायचे, सोसायटीच्या बागेत बसून हातांनी माती उकरायचे. मग एकदा ते बागेतही नव्हते. संध्याकाळी भायखळ्याला पुलाखाली सापडले. त्या दिवशी त्यांचा मुलगा विनीत सुचित्राला म्हणाला, "आता परत गेले ना, की मी कर्जतच्या वृद्धाश्रमात फोन करणार. मला नाही झेपत गं हे."

म्हणून सुचित्राने हा टब आणला. घरात बाल्कनी नव्हती, तेव्हा खिडकीपाशी दिवा लावला, पाण्यात हवा सोडणारा छोटा पंप बसवला आणि स्पंजच्या तुकड्यांत लाल माठाचं बी पेरलं. पाण्यात घालायच्या खताच्या दोन बाटल्याही आणल्या. हातांना घरातच काम मिळालं तर पाय बाहेर पडणार नाहीत, असा तिचा हिशेब.

"आधी ही बाटली," तिने त्यांना शिकवलं. "मग ढवळायचं. मग ती दुसरी. दोन्ही एकदम नाही."

"ह्येंका पण औषध देतंस? माका देतंस तसा?"

"हो. आणि ही तुमच्यासारखी थुंकून टाकत नाहीत."

गणपतराव खूप दिवसांनी हसले होते. पानं लाल झाली तसे ते स्टूल ओढून तिथेच बसू लागले. दाराकडे फिरकलेच नाहीत. आणि आता हे.

पंप नीट चालत होता, दिवाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सुचित्रा स्वयंपाकघराच्या दारात थांबून पाहत राहिली.

गणपतराव पूजेला बसले होते. मुलाचं नाव ते कधीकधी विसरत. पण आधी गणपती, मग अन्नपूर्णा, मग बाळकृष्ण, हा क्रम चुकत नसे. त्यांनी पाण्यात दुधाचे थेंब घालून देवांना आंघोळ घातली, पुसलं, गंध लावलं. मग ताम्हनातलं पाणी दोन्ही हातांनी सांभाळत टबापाशी आणलं आणि झाकणाच्या रिकाम्या भोकातून हळूच आत सोडलं.

चाळीत हे पाणी गॅलरीतल्या तुळशीला जायचं. त्यावर कुणाचा पाय पडता कामा नये. इथे तुळस नव्हती. मग ते कुठे जातं, हे सुचित्राने कधी विचारलंच नव्हतं.

तिने त्यांना शेजारी बसवलं. मुळं दाखवली.

"दुधाने ही सडतात, बाबा. उद्यापासून पाणी बेसिनमध्ये ओतायचं."

"थंय? तोंड धुतत थंय?"

"आता सगळे तसंच करतात."

त्यांनी एक मूळ बोटांत धरून पाहिलं. "चुकला माझा," एवढंच म्हणाले.

तिने टब घासला, सडकी मुळं कापली, नवीन पाणी भरलं.

दुसऱ्या दिवशी ती आंघोळ करून बाहेर आली तर दार उघडं होतं. देव पुसून जागेवर बसवलेले. ताम्हन नव्हतं. खाली वॉचमन म्हणाला, "आजोबा तुळस कुठे आहे विचारत होते. मला वाटलं, कोणाचं नाव असेल."

दुपार उलटल्यावर ते शिवडीला सापडले. रिकामं ताम्हन छातीशी धरलेलं. पाणी सगळं सदऱ्यावर सांडलं होतं.

विनीतने घरी येताच कर्जतला फोन लावला.

"रविवारी आणतो... हो, चालतात. जेवतात हाताने. सकाळी पूजा करतात." मग तो ऐकत राहिला. "अच्छा, तुमचे गुरुजीच करतात. म्हणजे यांना काही करायला नको... बरं."

"विनीत, मीच त्यांना सांगितलं होतं, ते पाणी..."

"सुची, आज पाणी, उद्या अजून काहीतरी." त्याचा आवाज चढलेला नव्हता. त्याने फोन चार्जिंगला लावला आणि तिथेच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

शनिवारी सकाळी टबात पांढरी, बारीक, नवी मुळं दिसत होती. गणपतराव ताम्हन घेऊन बेसिनपाशी गेले. नळाखाली टूथपेस्टचा फेस होता. ते थांबले, वळून सुचित्राकडे पाहू लागले. पाणी काठाशी हिंदकळत होतं.

"इकडे या, बाबा," ती टबाजवळून म्हणाली.

ते आले. पण ओतेनात.

"भाजी मरतली गो."

"ओता."