शिट्टीवाला जावई

गेंचो मालिनोव कवळ्या बनवायचा. बल्गेरियातल्या ब्रेस्तोवेत्सला, डॅन्यूबच्या काठावर, घराच्या खालच्या मजल्यावर त्याची कामाची खोली होती आणि गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या तोंडात त्याच्या हातचे दात होते. माप द्यायला बसलेल्या माणसाच्या तोंडात साच्याचा लगदा भरला, की तो घट्ट होईपर्यंत त्या माणसाला बोलता येत नाही. तेवढ्या वेळात गेंचो त्याला राष्ट्रीय संघाविषयीची आपली मतं ऐकवायचा.

मतं तशी साधी होती. संघ सोफियात निवडला जातो, सोफियावाल्यांसाठी निवडला जातो आणि डोंगराच्या अलीकडे, नदीकाठी फुटबॉल खेळतात हे तिकडे कुणाच्या गावीही नाही. "बाल्कन डोंगर उतरून इकडे यायला त्यांना व्हिसा लागतो की काय?" असं तो विचारायचा आणि खुर्चीतला माणूस घशातून काहीतरी आवाज काढायचा. गावाच्या लोदकार क्लबचा क्रुम त्सेकोव हेडरला उठला की बचावपटूंच्या खांद्यांपर्यंत त्याचे गुडघे पोचायचे. त्याला एकदाही बोलावणं आलं नव्हतं. संघाच्या प्रशिक्षकाला फुटबॉल कळत नाही, याला गेंचोच्या लेखी एवढा पुरावा पुरेसा होता.

पंचांबद्दल तर तो एका वाक्यात बोलायचा. पंच दोन प्रकारचे असतात म्हणे, विकले गेलेले आणि अजून गिऱ्हाईक न मिळालेले.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीनं, रालित्सानं, ईस्टरला घरी यावोरला आणलं. ती व्रात्साला औषधांच्या दुकानात होती. यावोर तिथेच जमीनमोजणीचं काम करायचा. उंच, शिडशिडीत, हळू बोलणारा. गेंचोची बायको विओलेता हिला तो दारातच आवडला, कारण त्यानं न सांगता बूट काढले. गेंचोनं राकिया ओतली, टोमॅटो-काकडीवर चीज किसलं आणि तिसऱ्या घोटानंतर सवयीप्रमाणे परीक्षा सुरू केली.

"चौऱ्याण्णवचा विश्वचषक. अमेरिका. इटलीविरुद्धची उपांत्य फेरी. त्यांच्या बॅकच्या हाताला चेंडू लागला होता की नाही?"

"लागला होता," यावोर म्हणाला. "पेनल्टी द्यायला हवी होती."

गेंचोनं बायकोकडे विजयी नजरेनं पाहिलं. "वा! बघ, मुलगा शहाणा आहे. फुटबॉलचं कळतं तुला."

"थोडंसं," यावोर म्हणाला आणि रालित्साकडे पाहिलं. रालित्सानं काटा खाली ठेवला.

"बाबा, यावोर शनिवार-रविवारी मॅचेस करतो."

"करतो म्हणजे? खेळतो?"

"नाही. शिट्टी वाजवतो. दुसऱ्या विभागात."

गेंचोनं आपला पेला यावोरच्या पेल्यापासून थोडा लांब सरकवला. विओलेता म्हणाली, "अहो, कोकराचं मांस गार होतंय," आणि जेवण पुढे सरकलं. पाहुणा गेल्यावर भांडी पुसता पुसता तो बायकोला म्हणाला, "दारुडा चालला असता. दारुडा सुधारतो तरी."

"तुम्हाला नाही ना लग्न करायचं त्याच्याशी?" विओलेता म्हणाली.

ही गोष्ट गावात कुणाला सांगायची नाही, असं त्यानं घरात बजावलं. आणि सांगितलीही नाही. त्याचा जन्मभराचा दोस्त पानायोत याला, जो पूर्वी टगबोटीवर होता आणि स्टेडियममध्ये नेहमी त्याच्या डाव्या हाताला बसायचा, त्यालासुद्धा नाही.

मे महिन्यात गावात बातमी पसरली, की राष्ट्रीय प्रशिक्षकाचा सहायक क्रुमला बघायला येतोय. क्लबच्या अध्यक्षांनी गवत कापून घेतलं, मुख्य स्टँडला रंग दिला आणि मधल्या ओळीत पाहुण्यासाठी गादीची खुर्ची ठेवली. सामना डोंगराकडच्या एका संघाशी होता. त्या दिवशी लोक भिंतीवरसुद्धा बसले होते. गेंचोची जागा ठरलेली, कोपऱ्यात, गोलरेषेच्या अगदी सरळ रेषेत. तिथून बाकीचं मैदान नीट दिसत नसे, पण चेंडू आत की बाहेर हे तिथल्याइतकं कुठूनच दिसत नसे, आणि गेंचोला भांडणापुरतं तेवढंच हवं असायचं. दोघांनी सूर्यफुलाच्या बियांचा कागद मधे ठेवला. मग लाउडस्पीकर खरखरला आणि पंचांची नावं आली. "मुख्य पंच, व्रात्सा, यावोर मिखोव."

गेंचोच्या दातात बी तशीच राहिली.

"काय रे, ओळखतोस का?" पानायोतनं विचारलं.

"मी कशाला ओळखू?" गेंचो म्हणाला.

सामना सुरू झाला. पहिल्याच फाउलला लोक उभे राहिले. "आंधळ्या! कुत्रा घेऊन ये सोबत!" "किती मिळाले रे?" गेंचोच्या तोंडून आवाज फुटेना. मागून कुणीतरी ओरडलं, "घरी जा लेका, बायको शेजाऱ्याकडे गेली असेल!" आणि सगळा कोपरा हसला. ही शिवी खुद्द गेंचोनं पूर्वी कधीतरी काढलेली होती आणि लोकांनी ती उचलून धरली होती. आज ती ऐकताना त्याच्या डोळ्यांसमोर औषधांच्या दुकानात पांढरा कोट घालून उभी असलेली रालित्सा आली.

"तुझा घसा बसलाय की काय?" पानायोत म्हणाला. "आज तर खरी गरज आहे."

"सर्दी झालीय."

यावोर पळत होता, वाकत होता, हातवारे न करता बोलत होता. गेंचोला कबूल करावंसं वाटत नव्हतं, पण मुलगा चेंडूच्या जवळ असायचा. गेंचो इतकी वर्षं पंचांना बघत आला होता, पण त्यांच्या पायांकडे आजच पहिल्यांदा बघत होता.

सामना बरोबरीत होता आणि संपत आला होता. लोदकारच्या उजव्या विंगरनं गेंचोच्या कोपऱ्याकडे चेंडू पळवला, बचावपटूला चकवलं, पण चेंडू जरा लांब गेला. त्यानं घसरत पाय लांबवला आणि चेंडू मागे ओढून उंच फिरवला. क्रुम उठला. डोकं लागलं. जाळी हलली. लोक एकमेकांच्या अंगावर पडले, बिया उधळल्या गेल्या, पानायोतनं गेंचोला मिठी मारली.

आणि शिट्टी वाजली. यावोर कोपऱ्याजवळ उभा राहून खाली गोलरेषेकडे बोट दाखवत होता. पलीकडच्या रेषेवरच्या पंचानं निशाण वर केलं नव्हतं. तो निर्णय एकट्या यावोरचा होता. चेंडू आधीच बाहेर गेला होता, गोल नाही.

जे झालं ते सांगायला नको. बाटल्या आल्या, लायटर आले, एक बूटही आला. खेळाडूंनी यावोरला घेरलं. क्रुम गुडघ्यांवर बसून राहिला. कोपऱ्यातल्या सगळ्यांनी गेंचोकडे तोंड वळवलं, कारण ती जागा गावाला माहीत होती.

"गेंचो, तू तर रेषेवरच बसलायस," पानायोत ओरडला. "सांग यांना! आत होता ना?"

गेंचोनं पाहिलं होतं. विंगरचा पाय पोचला तेव्हा चेंडू आणि पांढऱ्या रेषेच्या मधे हिरवं गवत दिसत होतं. बोटभरच, पण दिसत होतं. नीट दिसलं नाही म्हणाला असता तर त्याला कुणी काही म्हटलं नसतं. मैदानात यावोर इकडे बघतसुद्धा नव्हता.

"बाहेर होता," गेंचो म्हणाला.

"काय?"

"बाहेर होता म्हणतोय. गवत दिसलं मधे. पूर्ण बाहेर."

पानायोतचा चेहरा आधी काही समजलं नाही असा झाला. मग त्यानं बियांचा कागद उचलला आणि वरच्या ओळीत जाऊन बसला. मागून कुणीतरी गेंचोच्या मानेवर बिअर ओतली. ती पाठीवरून पट्ट्यापर्यंत गेली. तो सामना संपेपर्यंत तसाच बसला, कारण उठून गेला असता तर घाबरला असं दिसलं असतं.

संध्याकाळी त्यानं यावोरला फोन केला. आयुष्यात पहिल्यांदाच.

"इथे येतोयस हे सांगितलं का नाहीस? नाही म्हणाला का नाहीस महासंघाला?"

"काय सांगणार होतो, काका? की प्रेक्षकांत एका मुलीचे वडील बसतात?" थोडं थांबून यावोरनं विचारलं, "तुम्ही कुठे बसला होतात?"

"कोपऱ्यात."

"मग तुम्हाला दिसलं असेल."

"दिसलं," गेंचो म्हणाला आणि फोन ठेवला. आपण काय बोललो हे त्यानं यावोरला सांगितलं नाही, नंतरही कधी नाही.

क्रुमचं नाव संघात आलं नाही. गावानं हिशोब सरळ मांडला. त्या पंचानं पोराचं वाटोळं केलं आणि गेंचोनं त्यावर शिक्का मारला. तरी बरेच जण म्हणत होते, की म्हाताऱ्याची नजर गेली असेल. पण सप्टेंबरात लग्न झालं आणि नवरा कोण हे कळलं, तेव्हा नजरेचा प्रश्न मिटला. "अच्छा, म्हणून!" असं बेकरीत, पोस्टात, नदीच्या घाटावर म्हटलं गेलं. गेंचोला तोंडावर कुणी काही विचारलं नाही, आणि न विचारलेल्याचं उत्तर देता येत नाही. जे पाहिलं ते तो बोलला होता, आणि आता तेच त्याचं खोटं ठरलं होतं. लग्नाला पानायोत आला नाही. त्यानं बायकोच्या हाती एक चादर पाठवली.

काम मात्र थांबलं नाही. राग कितीही असला तरी चावायला दात लागतातच. लोक येत, तोंड उघडत, माप देऊन जात. फरक एवढाच, की गेंचो आता त्या वेळात रेडिओ लावून ठेवायचा.

नोव्हेंबरात पानायोतची वरची कवळी अक्रोड फोडताना दुभंगली. तो चार दिवस सूप पीत राहिला आणि शेवटी दोन तुकडे रुमालात बांधून गेंचोच्या दारात उभा राहिला. दात नसल्यानं त्याचे गाल आत गेले होते आणि तो बापासारखा दिसत होता.

"बस," गेंचो म्हणाला.

पानायोत बसला. गेंचोनं तुकडे दिव्याखाली धरले. "अक्रोड?"

"अक्लोद," पानायोत म्हणाला. मग त्यानं विचारलं, "खलं शांग. जावई होता म्हनून बोललाश?"

"जावई होता म्हणून तर गप्प बसायला हवं होतं," गेंचो म्हणाला. "बिअर माझ्या अंगावर पडली. त्याला काय मिळालं माझ्या बोलण्यानं? निर्णय तर झालाच होता."

पानायोतनं यावर विचार केला. तो विचार करताना दात चावायचा, आता नुसतेच ओठ हलत होते.

"गोश्त वेगलीच आहे," तो म्हणाला, आणि मग त्या बोबड्या बोलीत त्यानं जे सांगितलं ते असं. स्टेडियमच्या फाटकावर गाड्या लावायला जो माणूस असतो, तो परवा त्याला घाटावर भेटला होता. सोफियाहून आलेला तो सहायक क्रुमच्या हेडरच्या कितीतरी आधीच निघून गेला होता. डोंगरातल्या रस्त्यावर ट्रक लागतात, अंधार पडायच्या आत डोंगर ओलांडायचा होता म्हणे. गादीची खुर्ची तेव्हाच रिकामी झाली होती. सगळे मैदानाकडे बघत होते, खुर्चीकडे कोण बघतंय?

गेंचोच्या हातातले तुकडे हातातच राहिले. "म्हणजे गोल दिला असता तरी..."

"त्याला दिशलाच नशता."

"गेला? सामना संपायच्या आधी?" गेंचो उभा राहिला. इतक्या महिन्यांनी त्याचा आवाज चढला. "हे लोक संघ निवडतात! अर्धा सामना बघून! मी तुला काय सांगत होतो? डोंगराच्या अलीकडे आले तरी यांचा जीव सोफियात! पोरगा खाली उड्या मारतोय आणि हे गाडीची किल्ली शोधतायत!"

"हलू," पानायोत म्हणाला. "विओलेता घाबलेल."

पण गेंचो थांबला नाही. त्यानं लगदा कालवला, पानायोतच्या तोंडात भरला आणि तो घट्ट होईपर्यंत प्रशिक्षक, त्याचा सहायक, महासंघ आणि डोंगरातला रस्ता या सगळ्यांची एकेक करून हजेरी घेतली. पानायोत घशातून हुंकार देत राहिला. कवळी दुरुस्त होण्यातली नव्हती, नवीच करावी लागली. घ्यायला आला तेव्हा पानायोतनं सोबत पिशवीभर मासे आणले. लग्नाबद्दल तो काही बोलला नाही. गेंचोनंही काढलं नाही.

गावानं मात्र आपलं मत बदललं नाही. फाटकावरच्या माणसाची गोष्ट लोकांनी ऐकून घेतली आणि म्हटलं, तरी पण गोल तो गोलच. वसंतात गेंचो पुन्हा कोपऱ्यात बसू लागला. पानायोत डाव्या हाताला होता, मागची ओळ जरा थंड होती. गेंचो अजून ओरडायचा, पण बायकोची ती शिवी कुणी दिली, की मागे वळून बघायचा. हळूहळू त्या कोपऱ्यात ती कमी झाली. क्रुम सायप्रसच्या एका क्लबात गेला. तिथे ऊन खूप आहे आणि पगार वेळेवर होतो, असं त्याची आई सांगते.

जूनमध्ये राष्ट्रीय संघाचा सामना होता तेव्हा रालित्सा आणि यावोर घरी आले होते, पानायोतही आला. विओलेतानं मिरच्या भाजल्या. आपल्या गोलसमोरच्या पेटीत समोरच्या संघाचा एक खेळाडू पडला आणि त्यांना पेनल्टी मिळाली. गेंचो आणि पानायोत एकदमच किंचाळले आणि मग दोघांनीही यावोरकडे पाहिलं.

यावोर मिरचीची साल काढत होता. "पेनल्टी आहे," तो म्हणाला. "आपला माणूस उशिरा पोचला."

"उशिरा पोचणारच," गेंचो म्हणाला. "बॅक आहे का तो? त्याला मध्यावर खेळवायचा सोडून मागे कुणी लावला? पंच बिचारा काय करणार, निवडच चुकलीय!"

पानायोतनं तोंडातला घास थांबवून त्याच्याकडे पाहिलं. "पंच बिचारा?"

"खा गप," गेंचो म्हणाला आणि यावोरच्या पेल्यात राकिया ओतली.