बिनदोऱ्याची शिलाई

लेक बाळंतीण होऊन घरी आली, ती रिकाम्या हातांनी. बाळाला जन्माला यायची भलतीच घाई झालेली. अजून दूध ओढायची ताकद नव्हती, म्हणून त्याला इस्पितळातच काचेच्या पेटीत ठेवलं होतं. हातानं दूध कसं काढायचं ते नर्सनं लेकीला नीट शिकवलं होतं आणि उकळलेली, झाकणाची वाटी सोबत दिली होती. निघेल तेवढं पाठवा, थेंबभर निघालं तरी पाठवा, बाळाला त्याची गरज आहे, असं चारदा बजावलं होतं. संध्याकाळी जावई ती वाटी घेऊन जाणार होता. आणि दुपार कलली तरी वाटीचा तळ कोरडाच होता.

आईनं बाह्या सरसावल्या. उभा जन्म शर्ट शिवण्यात गेलेला, त्यामुळे जे काम हातानं करायचं त्यात आपल्याला कुणी शिकवायला नको, अशी तिची पक्की समजूत. तिनं ऊन पाण्यात फडकं पिळून दिलं, लेकीची पाठ चोळली आणि मग सूचनांचा सपाटा लावला. अंगठा वर, बोटं खाली. बोंडाला धरू नकोस, त्याच्या मागचा काळा भाग धर. आधी छातीकडे दाब, मग चिमटीत घे, मग सोड. कातडी ओढू नकोस. खांदे सैल सोड. बाळाचा चेहरा आठव.

बाळाचा चेहरा आठवला की लेकीच्या डोळ्यांतून तेवढं पाणी यायचं. बाकी ती सगळं बरोबर करत होती, हे आईलाही दिसत होतं. दूध नव्हतं असंही नाही. छाती दगड झाली होती. पान्हा तेवढा फुटत नव्हता.

"आई, तू जरा बाहेर बसतेस का?" लेक म्हणाली. ती रागावली असती तर एक वेळ परवडलं असतं, पण ती अगदी थकून बोलली.

आई बाहेरच्या खोलीत आली. चांगलीच हिरमुसली होती. काय करावं ते सुचेना, म्हणून तिनं शिलाई मशीनवरचं कापड काढलं आणि स्टूल ओढलं. कपाटात जुन्या चादरीचा मऊसूत तुकडा होता. बाळ एवढंसं की दुकानातलं कुठलंच झबलं त्याला आलं नसतं. तिनं अंदाजानं कापड बेतलं आणि मशीनचा पायाखालचा पायटा हलवला.

हे मशीन कारखान्यातलं. कारखाना बंद पडला तेव्हा ते भंगारात चाललं होतं, ते हट्टानं तिनं घरी आणलं. त्याच्या घरघरीतच लेक लहानाची मोठी झाली. शेजारी गोधडीवर झोपायची आणि मशीन थांबलं की टक्क जागी व्हायची.

त्याच्याही आधी, लेक तान्ही असताना, तिला घरी ठेवून आई कारखान्यात याच मशीनवर शर्ट शिवायची आणि दूध भरून आलं की दात-ओठ आवळून बसायची. शेजारी काजवाली बसे. ती हातानं काज करायची, म्हणून काजवाली. एक दिवस आईच्या कपड्यांवरचा ओला डाग तिनं पाहिला आणि तिथं जाऊन दूध काढून ये म्हणून मागच्या बटणांच्या खोलीकडे बोट दाखवलं. पण जायचं कसं? मुकादम बघायचा कमी आणि ऐकायचा जास्त. एखादं मशीन गप्प झालं की हा दत्त म्हणून उभा.

"तू जा. तुझं मशीन मी बोलतं ठेवते," काजवाली म्हणाली.

तिचं स्वतःचं काम बिनआवाजाचं. ते मांडीवर घेऊन ती आईच्या स्टुलावर बसायची, सुईतला दोरा काढायची, खाली चिंधी सारायची आणि नुसतं मशीन चालवायची. भिंतीपलीकडे, बटणांच्या खोक्यांत अंग चोरून बसलेली आई ती घरघर ऐकायची आणि निर्धास्त व्हायची. पुढे पुढे तर नुसत्या त्या आवाजानंच पान्हा फुटू लागला. सुट्टीच्या दिवशी शेजारणीनं मशीन काढलं तरी पंचाईत व्हायची.

एकदा मात्र काजवाली दोरा काढायला विसरली आणि सवयीनं पुढ्यातलं कापड सारत गेली. गठ्ठाभर शर्टांचे खिसे वरून बंद! हे शर्ट कंजुषांसाठी आहेत का, असं मुकादमानं विचारलं, तेव्हा अख्खी रांग फिदीफिदी हसली. जेवणाची सुट्टी खिसे उसवण्यात गेली.

काजवाली जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिचे आभार मानायचे राहून गेले. झबल्याची बाही वळवता वळवता आईला तिची फार आठवण आली, आणि पाय थांबला.

"आई."

आवाजाचा त्रास होत असणार. "बंद केलं गं," आई म्हणाली.

"नको." आतून लेकीचा श्वास ऐकू आला. "थांबवू नकोस. येतंय."

आईनं उठून पाहिलं नाही. पाहायची इच्छा अनावर झाली होती, तरी नाही. तिनं झबलं उचलून चांगलं लांब ठेवलं, सुईतला दोरा ओढून काढला, खाली चिंधी सारली आणि पायटा हलवला. डोळे भरून आले होते, पण या शिलाईला दिसायची गरज नव्हती.

संध्याकाळी जावई आला, तेव्हा सासूबाई काहीच शिवत नव्हत्या आणि मशीन मात्र जोरात चाललं होतं. तो काही विचारणार, तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि त्याला शेजारच्या खुर्चीवर बसायची खूण केली. वाटी अजून भरत होती.