दिघाशीच्या सभेतला यमन

तहसील कचेरीतून निवृत्त झाल्यापासून तात्या भिवंडीतल्या आपल्या दोन खोल्यांत गाणं शिकवत होते. शिष्य बरेच आले नि गेले, पण गळा म्हणावा असा एकीचाच, दिघाशी गावच्या सोमीचा. ती शेलार गावाजवळच्या गोदामात पॅकिंगची शिफ्ट करायची आणि रविवारी न चुकता शिकायला यायची. सहा वर्षांत तिनं यमन असा कमावला होता की तात्या ऐकताना शिकवायचं विसरून जात.

निवडणूक तोंडावर आली तेव्हा उमेदवार केसरीनाथ तात्यांच्या घरी आला. दिघाशीच्या मैदानात शास्त्रीय गाण्याची सभा करू, सोमीच गाईल, असं म्हणाला. जाता जाता, तुमच्या वर्गाला एखादा हॉल मिळायला हवा, असंही बोलून गेला.

सभा कशासाठी ते तात्यांना कळत होतं. डोंगराखालची जमीन गोदामांना द्यायला दिघाशीनं ग्रामसभेत नकार दिला होता. त्यात सोमीचा बाप जिव्या सगळ्यांत पुढे होता. आणि केसरीनाथ गोदामवाल्यांचा माणूस. कचेरीत हयात घालवलेल्या माणसाला हे न कळायला काय झालं? पण आपली शिष्या हजार माणसांपुढे गाईल, या कल्पनेनं तात्या पाघळले. हॉलचा मोहही होताच.

सोमीनं एकदाच विचारलं, "तात्या, कार्यक्रम पक्षाचा न्हाय ना?"

"सुराला पक्ष नसतो गं," तात्या म्हणाले. पोरीनं विश्वास ठेवला.

सभेच्या संध्याकाळी तात्यांच्या पेटीच्या साथीनं सोमी गायली, आणि अशी गायली की बाजूला उभी राहिलेली गावातली माणसंही हळूहळू येऊन खाली बसली. गाणं संपलं आणि केसरीनाथनं माईक घेतला. पेटी चालू ठेवा, अशी त्यानं तात्यांना खूण केली. तात्यांनी सूर धरला. त्या सुरावर केसरीनाथ बोलला, की जिव्याच्या घरानंच आज आपल्याला आशीर्वाद दिलाय, आता दिघाशी विकासाला नाही म्हणणार नाही. सोमीनं वळून तात्यांकडे पाहिलं. तात्यांची बोटं पट्ट्यांवरून हलली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सत्काराची शाल पांघरलेल्या सोमीचा फोटो गावातल्या प्रत्येक फोनवर होता. खाली लिहिलं होतं, 'दिघाशीचा होकार'. जिव्यानं पोरगी पुढे करून जमीन विकली, असं लोक बोलू लागले. त्याच्या भाताच्या मळणीला कुणी आलं नाही.

दोन रविवार सोमी आली नाही. तात्यांना पेटी उघडवेना. हॉल बघून घ्या, असा केसरीनाथचा निरोप आला, त्याला त्यांनी नको म्हणून कळवलं आणि दिघाशी गाठली. जिव्या अंगणात होता. तिनं मला विचारलं होतं आणि मी खोटं बोललो, असं तात्यांनी त्याला सांगितलं.

जिव्यानं ऐकून घेतलं. "माज्यापुढं बोलून काय व्हनार? गावापुढं बोला."

तात्या ग्रामसभेत उभे राहिले. सगळं बोलले, हॉलचंही. मग तेच कागदावर लिहून त्यांनी सही केली. गावानं तो कागद जमीन न देण्याच्या नव्या ठरावाला जोडला. सभा उठली तेव्हा शेजारचा काळूराम जिव्याच्या खांद्यावर हात टाकून त्याच्याबरोबर घरी गेला.

निवडणूक केसरीनाथच जिंकला. जमिनीचा वाद अजून चालूच आहे.

त्या ग्रामसभेनंतर सोमी तात्यांना रस्त्यापर्यंत सोडायला आली. 

"गाणं न्हाय सोडनार मी," ती म्हणाली. "पन तुमच्याकडं न्हाय येनार."

तात्यांनी मान हलवली. माफी मागायची म्हणून ते आले होते, पण ती मागायची राहूनच गेली. रिक्षा दिसली तशी सोमीनंच हात केला. म्हातारं मानूस हाय, दारापर्यंत सोड, असं रिक्षावाल्याला बजावलं आणि ती मागं वळून गावाकडे चालू लागली.