आठव्या मजल्यावरचा वारा

बगळ्याला इंग्रजी येत नव्हतं असं नाही. लोड, हुक, स्लो, स्टॉप आणि लंच एवढ्या पाच शब्दांवर त्याची अकरा वर्षं सुखात गेली होती. उंच क्रेनवरच्या काचेच्या केबिनमध्ये मान लांब करून तो दिवसभर खाली बघत बसायचा, म्हणून साइटवर सगळे त्याला बगळा म्हणत. त्यालाही त्याचं वाईट वाटत नसे. वर बोलायला कुणी नाही आणि भांडायला कुणी नाही, अशी नोकरी किती जणांच्या नशिबी असते?

मग साइट नव्या कंपनीकडे गेली आणि नवे सेफ्टीसाहेब आले. साहेबांना इंग्रजीखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. आल्या आल्या त्यांनी फर्मान काढलं: वॉकीटॉकीवर यापुढे फक्त इंग्रजी. आणि पुढच्या महिन्यापासून क्रेनवर बसायचं असेल, तर प्रत्येक ऑपरेटरनं आधी साहेबांसमोर बसून दहा मिनिटं इंग्रजीत गप्पा मारायच्या. क्रेनच्या गप्पा नाहीत, कारण तेवढे शब्द कुणीही घोकतो. साध्या गप्पा, हवापाण्याच्या. जमलं तर वर, नाही जमलं तर खाली उतरून हुकाला माल अडकवायचा.

खालच्या कामात कमीपणा आहे असं बगळा कधी म्हणाला नसता. पण खाली धूळ होती, मुकादमाच्या शिव्या होत्या आणि वर बघत राहून मानेला येणारी रग होती. वर त्याचं स्वतःचं एक जग होतं. ते जाणार ही भीती त्यानं बायकोलाही सांगितली नव्हती.

दहावीतली मुलगी मात्र घाबरली नाही. "बाबा, इंग्रजीत कुणीही बोलायला लागलं की आधी हवामानच काढतं," ती म्हणाली आणि तिनं वहीचा एक कागद भरून उत्तर लिहून दिलं. बगळा तीन आठवडे रोज सकाळी दाढी करताना ते म्हणत होता. आय लाइक रेनी सीझन व्हेरी मच. आय सिट निअर द विंडो विथ अ कप ऑफ हॉट टी.

"स्वयंपाकघरात गळतंय तिथं बादली ठेवा म्हटलं तर जागचे हलत नाहीत," बायको आतून म्हणायची, "आणि म्हणे लाइक रेनी सीझन!"

त्यानं त्या कागदाची एक प्रत काकांना दिली. काका म्हणजे साइटवरचा दुसरा ऑपरेटर, वय अठ्ठावन्न. दोघं आळीपाळीनं एकाच क्रेनवर बसत, दोघांत एकच थर्मास होता आणि हातमोज्यांची जोडीसुद्धा एकच. ज्यानं आपल्याला हात धरून शिडी चढायला शिकवलं त्याला कागद द्यायचा नाही, तर कुणाला द्यायचा? यात काही चूक होतेय असं बगळ्याच्या मनातही आलं नाही.

चूक कळली ती परीक्षेच्या दिवशी, साहेबांच्या पत्र्याच्या ऑफिसबाहेर बाकावर बसल्यावर. काका आत होते. दोघंही खाली असल्यामुळे क्रेन रिकामी होती आणि तिचा लांब हात वाऱ्याबरोबर हळूहळू फिरत होता. नवखी माणसं हे बघून घाबरतात. पण क्रेन सोडून जाताना तिचा फिरण्याचा ब्रेक मोकळा करूनच जायचं असतं. बांधून ठेवली तर वारा तिला पाडतो. वारा वाहील तशी पाठ द्यावी, हे माणसांच्या बाबतीत खरं असो नसो, क्रेनच्या बाबतीत शंभर टक्के खरं. आज ती पाण्याच्या टाकीकडे पाठ करून उभी होती. म्हणजे वारा टाकीकडून होता. बगळ्याला ते आवडलं नाही.

तेवढ्यात पत्र्यातून काकांचा आवाज आला. "आय लाइक रेनी सीझन व्हेरी मच."

तोच पाऊस, तीच खिडकी, तोच गरम चहा. बगळा ताडकन सरळ बसला. पुढच्या दहा मिनिटांत हेच सगळं त्याला त्याच माणसासमोर म्हणायचं होतं! आणि आता कानावर पडल्यावर त्याला आणखीही काहीतरी ऐकू आलं. पावसाळा फार आवडणारा क्रेन ऑपरेटर? पावसात शिडी निसरडी होते, काचेतून खालचं दिसत नाही, काम बंद पडतं. खिडकीत चहा पीत पाऊस बघणारा माणूस कुठला सेफ्टीसाहेब क्रेनवर बसवेल?

साहेबांनी आत काहीतरी विचारलं. क्रेनच्या खिडकीत बसून पाऊस बघता का, असाच त्याचा सूर होता. काका न समजता मोठ्यानं म्हणाले, "येस सर!"

काका बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा खुलला होता. "घडाघडा म्हणालो रे. एक शब्द चुकला नाही. तुझ्या पोरीला माझ्याकडून शाबासकी सांग."

बगळा सांगायला उठला, तोच मागून मुकादम ओरडत आला. सकाळपासून शटरिंगच्या, म्हणजे काँक्रीटच्या साच्याच्या, प्लेटा जमिनीवर पडून होत्या आणि नवव्या मजल्यावर माणसं हात बांधून बसली होती. "काका, झाली ना शाळा? चला वर!" काका लगबगीनं लिफ्टकडे गेले.

आत एसीचा गारवा होता. वाऱ्याचा मागमूसही नव्हता. साहेब खिडकीकडे पाठ करून बसले होते, टेबलावर वॉकीटॉकी होता आणि त्यावर चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलं होतं: इंग्लिश ओन्ली. साहेबांचा फोन वाजला. ते बोलत राहिले आणि बगळा समोर बसून घाम पुसत राहिला. दुसरं काहीतरी बोल, तो स्वतःला सांगत होता. उन्हाळा म्हण, हिवाळा म्हण. पण हिवाळ्याबद्दल पुढं काय म्हणायचं, याचा कागद कुणी दिला नव्हता.

फोन संपला. साहेबांनी विचारलं, "व्हॉट काइंड ऑफ वेदर डू यू लाइक?"

जीभ तीन आठवडे एकाच वाटेनं गेलेली. ती विचारायला थांबलीच नाही. "आय लाइक रेनी सीझन व्हेरी मच. आय सिट निअर…"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "विथ अ कप ऑफ हॉट टी," ते म्हणाले.

बगळ्यानं मान खाली घातली. कुणी लिहून दिलं, असं साहेबांनी शांतपणे विचारलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"माय डॉटर, सर."

"आणि त्या म्हाताऱ्यालाही तिनंच दिलं?" अशा अर्थाचं काहीतरी त्यांनी विचारलं.

"नो सर. आय गिव्ह."

साहेबांनी काकांच्या नावाचा कागद पुढं ओढला आणि त्यावर फुली मारली. ती फुली बगळ्याला आपल्याच अंगावर ओढल्यासारखी वाटली. भलं करायला गेला आणि काकांच्या पोटावर पाय देऊन बसला. मग साहेबांनी त्याचा कागद समोर घेतला. शेवटची संधी, ते म्हणाले. आता कागदाशिवाय. इथलं हवामान कसं असतं, ते सांग.

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. बगळ्यानं त्यांच्या खांद्यावरून खिडकीबाहेर बघितलं, कारण त्यांच्या डोळ्यांत बघवत नव्हतं.

बाहेर इमारतीला हिरवी जाळी लावलेली होती. सातव्या मजल्यापर्यंत ती निमूट लटकत होती. आठव्या मजल्याच्या कोपऱ्यावर मात्र तिचं पोट फुगलं, आत खेचलं गेलं, पुन्हा फुगलं. आणि खालून काकांची प्लेट वर निघाली होती. दाराएवढी नव्हे, अख्ख्या भिंतीएवढी सपाट प्लेट, पाचव्या मजल्यापाशी. ती त्याच कोपऱ्यावरून जाणार होती.

क्रेनवरच्या वारा मोजणाऱ्या मीटरला यातलं काही कळणार नव्हतं. टाकीकडचा वारा इमारतीवर आपटतो, वाट शोधतो आणि आठव्या मजल्याच्या कोपऱ्यावरून वेड्यासारखा वळतो. मीटर त्याच्या कितीतरी वर असतं. बगळ्याला हे माहीत होतं, कारण मागच्या वर्षी तिथंच त्याचा माल गर्रकन फिरला होता. काका तेव्हा गावी होते.

समोर साहेब होते, हातात पेन होतं, यंत्रावर पट्टी होती. बगळ्यानं वॉकीटॉकी उचलला.

"काका, माल खाली टेकवा. आत्ताच्या आत्ता. आठव्याला नेऊ नका."

क्षणभर खरखर झाली. मग काकांचा आवाज आला, "टेकवतो." बस, एवढंच. प्लेट थांबली आणि उतरायला लागली. लगेच मुकादमाचा आरडाओरडा सुरू झाला, कोण शहाणा मध्ये बोलतोय म्हणून.

साहेब उठले होते. त्यांनी वॉकीटॉकी बगळ्याच्या हातून काढून घेतला आणि पट्टीवर बोट ठेवलं. परीक्षेत बसून, त्यांच्यासमोर, त्यांचाच नियम मोडला होता! "फिनिश्ड," ते म्हणाले आणि दाराकडे बोट केलं.

बगळा उभा राहिला, पण पाय निघेनात. प्लेट जमिनीवर आडवी झाली आणि सुटलेला हुक रिकामाच वर गेला. माणसं तिच्याभोवती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. जाळी आता गप्प होती. एक पान हलत नव्हतं. अकरा वर्षं या माणसानं वारा पडावा म्हणून देवाला हात जोडले होते. आज पहिल्यांदा तो मनात म्हणाला, ये बाबा, ये. आणि लगेच त्याची त्यालाच लाज वाटली.

वारा आला. आधी ऑफिसचा पत्रा थरथरला, मग आठव्या मजल्यावर फाडकन आवाज झाला. जाळीचं एक टोक दोऱ्या तोडून सुटलं आणि फडफडत बाहेर आलं. रिकामा हुक त्या कोपऱ्याजवळ असा हेलकावला की खालची माणसं डोक्यावर हात धरून पळाली. त्या हुकाला भिंतीएवढी प्लेट असती, तर काय झालं असतं हे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

साहेब खिडकीशी गेले. मग त्यांनी वॉकीटॉकीवरून काकांना वाऱ्याचं मीटर विचारलं.

"नाइन, सर," काका म्हणाले. काम थांबवायची मर्यादा चौदाची होती.

साहेब वळले. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी बगळ्याला खुर्ची दाखवली आणि एकच शब्द विचारला, "हाऊ?"

बगळ्यानं टेबलावरची जाड फाइल उभी केली. "धिस बिल्डिंग." पाण्याची बाटली बाजूला ठेवली. "धिस टँक." मग हाताचा पंजा बाटलीकडून फाइलीकडे नेला. "विंड कम. बिल्डिंग स्टॉप. विंड अँग्री. गो कॉर्नर, एट फ्लोअर, व्हेरी फास्ट." त्यानं पंजा फाइलीच्या कडेवरून झपकन वळवला. "मीटर अप. मीटर डोन्ट नो. नेट टेल मी."

साहेबांनी विचारलं, रोज असं होतं का? नाही, फक्त वारा टाकीकडून असला की. मग उन्हाळ्यात कसं? उन्हाळ्यात दुपारी खालची धूळ गोल फिरते. आणि सकाळी? सकाळी वारा झोपलेला असतो, जड माल तेव्हाच उचलायचा. साहेब विचारत गेले, बगळा सांगत गेला. व्याकरणाची हाडं मोडत होती, पण साहेबांना कळत होतं आणि ते लिहून घेत होते. घड्याळाकडे दोघांनीही बघितलं नाही.

"नाउ टेल मी," साहेब शेवटी म्हणाले, "व्हॉट वेदर डू यू लाइक?"

"नो विंड, सर. लिटल सन. अँड नो मुकादम."

साहेबांनी त्याच्या कागदावर सही केली. बगळा मात्र उठला नाही. त्यानं फुलीच्या कागदावर बोट ठेवलं. "सर, काका गुड."

साहेबांनी नकारार्थी मान हलवली. काकांना त्यांचा एक साधा प्रश्नही समजला नव्हता.

"सर, आय से डाउन. काका डाउन. काका नॉट आस्क व्हाय." बगळ्यानं पंजा टेबलावर टेकवला. "आस्क व्हाय, टाइम गो. प्लेट गो. मॅन गो."

साहेबांनी त्या फुलीकडे बघितलं. मग तिच्या शेजारी त्यांनी एक शब्द लिहिला: मंडे. आणि बगळ्याला बजावलं, कागद नको.

जेवणाच्या सुट्टीत पत्र्याच्या शेडमध्ये बगळ्यानं काकांना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. काकांनी घास तसाच डब्यात ठेवला.

"म्हणजे मी नापास?"

"माझ्यामुळे, काका. एकच कागद दोघांना दिला. मीच गाढव."

काका हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "मला पाऊस आवडतच नाही रे," ते म्हणाले. "गुडघे धरतात."

"मग काय आवडतं? तुमचं खरं सांगा."

काकांनी बाहेर क्रेनकडे बघितलं. "धुकं," ते म्हणाले. "धुक्याच्या दिवशी काम बंद असतं ना? तरी मी वर जातो. खालचं सगळं पुसलेलं असतं, आणि केबिनमध्ये लख्ख ऊन. तुझी काकू गेल्यापासून घरी एकटं बसवत नाही. पण तिथं एकटं बसवतं. का ते नाही सांगता येत."

बगळ्याचा हात सवयीनं खिशातल्या पेनाकडे गेला. त्यानं तो मागं घेतला. "हेच सोमवारी सांगायचं."

"एवढं इंग्रजी मी कुठून आणू? आणि नाहीच जमलं तर?"

"तर तुम्ही खाली उभे राहाल आणि मी वर असेन. तुम्ही 'टेकव' म्हणालात की मी टेकवेन. का म्हणून विचारणार नाही."

काकांनी डब्याचं झाकण लावलं. बाहेर मुकादम वारा पडला म्हणून हाका मारत होता. काका उठले नाहीत. त्यांनी आधी घसा साफ केला.

"आय गो अप," ते हळूच म्हणाले. "डाउन, नो पीपल. अप, सन." मग थांबून बगळ्याकडे बघितलं. "बायको नाही, हे कसं म्हणायचं रे?"